फडक्याखालचा हात

डॉक्टरांनी चांगोला मूठ घट्ट आवळायला लावली, दोन्ही अंगठे त्याच्या मनगटावर रोवले आणि दाबून धरले. "आता उघडा," ते म्हणाले. चांगोनं मूठ उघडली, तर आत जो तळहात निघाला तो त्याचा वाटेचना. पांढराफटक, चुन्यानं सारवल्यासारखा. साठी उलटून गेली होती, कासऱ्यांनी या हाताला घट्टे पाडले होते, कोयत्यानं दोनदा फाडला होता, एकदा विंचवानं प्रसाद दिला होता; पण त्याच्यातलं रक्त असं कुणी उठवून बाहेर बसवलं नव्हतं. मग डॉक्टरांनी एक अंगठा उचलला. मनगटापाशी गुलाबी रंग उमटला, तळव्यावर पसरला, बोटांच्या पेरांपर्यंत चढला. "छान," डॉक्टर म्हणाले, "एक नस अडली तरी दुसरी हात सांभाळते. मनगटातूनच करू." बाजारात नारळाला टिचकी मारून तो बाजूला ठेवावा तितक्या सहज त्यांनी तो हात सोडला आणि पुढचे कागद ओढले. चांगो मात्र बसल्या जागी हलला. इतका पांढरा तळहात त्यानं आयुष्यात एकदाच बघितला होता, आणि तो रघूचा होता.

पहाटे गोठ्यात पेंढा टाकताना छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं होतं, बंडी घामानं भिजली होती, आणि त्याच्या लेकानं, धनेशनं, काही न ऐकता शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून त्याला शहापूरच्या हायवेलगतच्या नव्या हॉस्पिटलात आणून टाकलं होतं. तिथं ठेवून घेतलं, सुया टोचल्या, कळ थांबली. कळ थांबली की माणसाला वाटतं, दुखणंही गेलं. डॉक्टरांना तसं वाटत नव्हतं. मनगटाच्या नाडीतून बारीक तार घालायची, ती दंडातून खांद्यात, खांद्यातून काळजापर्यंत न्यायची, कुठं तुंबलंय ते पडद्यावर बघायचं आणि लगोलग फुगा घालून मोकळं करायचं, असं त्यांनी समजावून सांगितलं. संध्याकाळी उठून चालाल, म्हणाले. उशीर केलात तर पुढचा झटका विचारून येणार नाही, असंही म्हणाले. चांगोनं सगळं मान हलवत ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "हातातून नको. पायातून करा." मांडीतून करता येतं, पण मग तासन्‌तास पाय न हलवता पडून राहावं लागतं, रक्त जाण्याची भीती जास्त, या वयात हातच बरा, असं डॉक्टरांनी पुन्हा एकदा, तेवढ्याच शांतपणे सांगितलं. चांगो म्हणाला, "मंग घरी जातो." आणि खरंच गेला. सांगणाऱ्यांनी सांगून बघितलं, पण ऐकेल तो चांगो कसला.

घरात आणि गावात सगळे एकच धरून चालले, की चांगोला धंद्याची काळजी पडली आहे. ते चूक नव्हतं. चांगो बैलांचा दलाल होता. धसईजवळच्या गावातला हा माणूस, पण पौषातल्या म्हसा गावच्या जत्रेत त्याला ओळखत नाही असा शेतकरी मुरबाड-शहापुरात सापडला नसता. जोडी कुणाचीही असो, घेणारा कुणीही असो, विकणाऱ्याच्या बाजूनं हात घालायला चांगो लागायचा. सौदा तोंडानं होतच नसे. दोन दलाल समोरासमोर उभे राहायचे, मनगटांवर टॉवेल टाकायचा, आणि त्या टॉवेलाखाली हातात हात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा आवळला की पाच. शंभर, हजार की दहा हजार, ते समोरचा बैल बघून ज्याचं त्यानं समजायचं. भोवती पन्नास माणसं जमोत, कुणाला पत्ता लागायचा नाही. आणि एक नेम फार कडक होता: सौदा चालू असताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंड चहाडखोर असतं, सगळं सांगून टाकतं. म्हणून बैलाच्या वशिंडाकडे बघायचं, आभाळाकडे बघायचं, पलीकडे घोंगड्या विकणाऱ्या धनगराशी दोन शब्द बोलायचे, आणि तिकडे हातानं हाताशी भांडत राहायचं. चांगोचा हात असा तयार झाला होता की समोरच्याच्या बोटाचा घाम त्याला कळायचा, मन डळमळलं की नखाखालची धडधड कळायची. बायकोच्या तोंडावरून तिच्या मनातलं त्याला उभ्या जन्मात कधी कळलं नाही, पण परक्या माणसाच्या करंगळीवरून त्याची गरज कळायची. असा हात कुणी भोसकायला मागेल तर माणूस देईल कसा?

"बाबा, आता कोन हात दाबून बैल घेतो?" धनेश ओट्यावर बसून मोबाइलवरून बोट फिरवत म्हणाला. तो आसनगावच्या कारखान्यात कामाला होता आणि बापाच्या धंद्याकडे जुन्या नाण्याकडे बघावं तसा बघायचा, प्रेमानं पण खर्चायला नको अशा नजरेनं. "फोटू टाकतात, खाली किंमत लिवतात, झाला."

"फोटूचे दात मोजता येतात काय रे?" चांगो म्हणाला, आणि धनेशला हसावं लागलं. पण हसता हसता चांगोचा हात नकळत छातीकडे गेला, आणि तो दोघांनीही बघितला. गुणाबाई सूप घेऊन नाचणी पाखडत होती. आठवडाभर ती या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. नवऱ्याशी हुज्जत घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "हात ऱ्हायला आनि तुमी नाय ऱ्हायलाव, त मी त्या हाताला काय करू?" आणि पुन्हा सूप उचलून पाखडायला लागली. चांगोनं बिडीसाठी खिसा चाचपला, बिडी डॉक्टरांनी बंद केलीय हे आठवलं, आणि उठून गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेखाली खाजवत बसला. त्याला मरणाची भीती वाटत होती, असं म्हणणं अर्धंच खरं होतं. मरण कधीतरी येणारच, त्याचं एवढं काही नाही. पण ते हातातून येतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ते स्वतःच्या हातात येताना धरलं होतं. ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नव्हती, आणि गुणाबाईच्या त्या एका वाक्यापुढं ती सांगायची सोयही राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून पिकअपमध्ये जाऊन बसला.

हॉस्पिटलात तार घालायच्या खोलीत थंडी होती, माळशेज घाटातल्या वाऱ्यासारखी कोरडी थंडी. चांगोला पाठीमागं बांधायचा झगा घालून अरुंद बाकावर निजवलं आणि उजवा हात बाजूच्या फळीवर लांब पसरवून मनगटाखाली गुंडाळी दिली. काजल नावाची नर्स होती, तरणी पोर, अंगावर जड शिशाचा झगा चढवलेला. तिनं बोटांपासून कोपरापर्यंत तपकिरी औषध चोळलं. औषध गार होतं आणि तिचे हात त्याहून गार होते. "झोपेची सुई हाय, पन झोपायचा नाय बाबा, गुंगीत ऱ्हायचा," ती म्हणाली, आणि चांगोला तिच्या बोलण्यात आपल्याकडचा हेल ऐकू आला, पण कुठली म्हणून विचारायच्या आधीच जिभेवर साय धरू लागली. मग त्याच्या हातावर हिरवं फडकं आलं. मोठं, बैलाची झूल व्हावी एवढं, मनगटापाशी एक भोक सोडलेलं. हात त्याखाली दिसेनासा झाला. टॉवेल पडला, चांगो मनात म्हणाला. आता कुणाचा हात येतो बघू.

हात आला. रबरी मोजा घातलेला, न घाई करणारा. मनगटावर दोन बोटं टेकली, थांबली, नाडी शोधत थोडी सरकली. दोन, चांगोला वाटलं, दोन म्हणतोय हा. फार कमी झाले. तिसरं बोट टेकलं. तीन. माणूस नवा दिसतो, पायरी पायरीनं चढतोय. चांगोच्या अंगठ्यानं सवयीनं फडक्याखाली उत्तर द्यायला म्हणून वाकायचा प्रयत्न केला आणि वरून आवाज आला, "बाबा, बोटं हलवू नका." सौद्यात असं कुणी म्हणत नसतं. त्यानं डोळे फिरवून डॉक्टरांकडे बघितलं, तर ते पलीकडच्या काळ्या पडद्याकडे बघत होते. म्हणजे नेम त्यालाही माहीत आहे, तोंडाकडे बघत नाही, चांगोला जरा बरं वाटलं. मग सुई चावली, लाल मुंगीएवढी, आणि मनगटात काहीतरी ढकललं गेलं, आणि मग हातभर एक ऊब पसरली, कढत पेज पोटात उतरते तशी, फक्त ती पोटात न उतरता दंडाकडे चढत होती. डॉक्टर म्हणाले होते, तार जाताना काही कळणार नाही. ते खरं असावं. पण चांगोला कळत होतं. मनगटाशी किन्हवली गाव होतं, कोपराशी सरळगाव, खांद्याशी मुरबाड, आणि त्याच्या पुढं म्हसा. त्या वाटेनं रघू येत होता. किन्हवलीचा रघू, खांद्यावर निळ्या काठाचा टॉवेल, पायात टायरच्या वहाणा, धुक्यातून दोन जनावरं पुढं घालून चालत, जसा तो दर पौषात यायचा, टेम्पो सुरू झाल्यावरसुद्धा पायीच, कारण पायी आणलेलं जनावर बाजारात ताजं दिसतं असा त्याचा हट्ट होता. तो सरळगावच्या नाक्यावर चहाला थांबला. तो मुरबाड ओलांडून पुढं निघाला. चांगो त्याला थांब म्हणणार होता, पण तोंडात साय होती.

रघू घेणाऱ्याच्या बाजूचा दलाल आणि चांगो विकणाऱ्याच्या. म्हणजे जन्मभर समोरासमोर. दोघांनी एकमेकांच्या घरी पाणीसुद्धा फारसं प्यायलं नव्हतं, मुलांची लग्नं एकमेकांना ऐकून ठाऊक. पण वर्षानुवर्षं त्यांचे हात टॉवेलाखाली एकमेकांत होते. रघूचं मधलं बोट एका पेरात वाकडं होतं, नांगराच्या खिळीत सापडून मोडलेलं. चांगोनं अंधारात शंभर हातांतून तो हात ओळखला असता. रघू कधी खोटं दाबत नसे. चिडला की नख लावायचा, खूश असला की सौदा झाल्यावर उगाच एकदा तळव्याला अंगठा घासायचा. चेहऱ्यानं दोघंही एकमेकांना म्हातारे होताना दिसले नव्हते, बघितलंच नव्हतं एवढं. हातानं मात्र कळलं होतं, कातडी सैल पडत गेली तशी. आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्या जत्रेत, सकाळची उन्हं नुकती शिंगांच्या रंगावर आली असताना, एका ढवळ्या जोडीवर त्यांचा हात लागला. शिंगांना हिरवा रंग, गळ्यात घुंगुरमाळा, माणसं कडं करून उभी. रघूनं तीन धरली. चांगोनं चार मागितली. रघू तीनवरच. चांगो चारवरच. वर आभाळात घार फिरत होती आणि चांगो त्या घारीकडे बघत होता, मजेत होता, अशी अडून बसलेली वेळच त्याला आवडायची. आणि मग रघूनं एकाएकी त्याचा अख्खा पंजा धरला आणि आवळला. जोरात. बोटांची हाडं एकमेकांवर चढतील असा.

पाच! चांगोचं काळीज उडालं. मागितले चार आणि हा देतोय पाच! रघू म्हातारा झाला, चळला, का जोडीवर जीव जडला याचा? चांगोनं चेहरा हलू दिला नाही. तो घारीकडे बघत राहिला आणि आतून हसत राहिला. एवढ्या वर्षांत रघूला असा कधी हरवला नव्हता. त्यानं मुद्दाम थोडा वेळ जाऊ दिला, कारण लगेच हो म्हटलं तर समोरच्याला पस्तावा होतो. हातातली पकड सैल पडली. विचार करतोय, चांगोला वाटलं, आता मागं फिरू बघतोय. फिरू दे की. त्यानं आपण होऊन पंजा दाबला: पाच, ठरलं. उत्तर आलं नाही. पुन्हा दाबला. वाकडं बोट त्याच्या हातात होतं आणि त्या बोटात कुणीच नव्हतं. मग टॉवेल घसरला, लोक ओरडले, आणि चांगोनं पहिल्यांदा तोंडाकडे बघितलं. रघू गुडघ्यावर आला होता, मग कुशीवर. त्याचा हात अजून चांगोच्या हातात होता, उताणा, आणि तळवा पांढराफटक होता. लोक म्हणाले, झटका होता, जागच्या जागी गेला, भाग्याचं मरण, म्हसोबाच्या दारात. चांगोला कुणी काही विचारलं नाही आणि त्यानं काही सांगितलं नाही. माणूस बुडताना हात धरत होता आणि आपण भाव मोजत होतो, हे कुणाला सांगणार? तेव्हापासून त्यानं जत्रेत हात घातला, पण त्या हातात मन घातलं नाही.

आता तो हात आला होता. मुरबाड ओलांडून, म्हशाच्या मैदानात, हिरव्या फडक्याखाली. चांगोला वाटलं, हा माझा भाव करायला आलाय, एक, दोन, तीन करत, आणि पंजा आवळला की संपलं. सौदा मोडायचा एकच मार्ग असतो, हात काढून घ्यायचा. त्यानं हात ओढला. "हात! हात हलवू नका!" डॉक्टरांचा आवाज कडक झाला, कुणीतरी दंड धरला, पण तोवर दंडात आतून पीळ बसला होता, कासऱ्याला गाठ पडावी तसा. डॉक्टरांनी तार पुढं सरकवून बघितली, मागं घेऊन बघितली. "आवळली. घाबरले की नस आवळते," ते काजलला म्हणाले, आणि मग औषधाचं नाव सांगून, "हे देऊन थांबू. नाही सुटली तर मांडीतून जावं लागेल." मांडीतून. हेच तर चांगो पहिल्यापासून मागत होता. हात सुटेल, फडकं निघेल, रघू परत फिरेल. त्यानं फक्त असंच आवळून धरायचं होतं. पण रघू परत फिरला म्हणजे तो पुन्हा एकटा धुक्यात जाणार, कुणाला न कळता. चांगोच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानात गेलं. आपण कुणाला धरून ठेवतोय आणि कुणाला हाकलतोय, हेच त्याला कळेना.

"बाबा, कुठलं तुमी?" काजल त्याच्या डाव्या बाजूला आली होती. तिनं विचारता विचारता त्याचा डावा हात उचलून आपल्या हातात घेतला. फडकं नव्हतं, काही नव्हतं.

"धसईकडचा," चांगो कसाबसा म्हणाला.

"मी उंबरमाळीची. रेल्वेत बसलाव त आमची टेकडी दिसते. जिथं आंबा हाय एकटा, त्याच्या खाली घर." ती काम केल्यासारखी बोलत होती, थांबत नव्हती. "आमच्याकडं यंदा मोहर लय आलाय. आजी बोलते, आंबं खायला ऱ्हायला पायजे त थंडीत छाती सांभाळाया पायजे. तुमच्याकडं आलाय का मोहर?"

"आलाय," चांगो म्हणाला. त्यानं आंब्याकडे बघितलंच नव्हतं. पण आलाय म्हटल्यावर दारातला आंबा त्याला दिसला, मोहरानं पिवळट झालेला, आणि त्याच्या खाली गुणाबाई सूप घेऊन बसलेली, आणि तिचं ते वाक्य. मला राहायचंय, त्याला एकदम वाटलं, इतकं लख्ख की लाज वाटावी. मोठं काही नको होतं. नाचणीची भाकरी, गोठ्यातला वास, धनेशशी वाद. दंडातला पीळ थोडा ढिला झाला. पुन्हा एक ऊब चढली. डॉक्टर म्हणाले, "सुटली. शाब्बास बाबा. असेच राहा." तार पुढं गेली, आणि म्हशाच्या मैदानातली गर्दी दोन्ही बाजूंना सरली.

नंतर किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. पडद्यावर वाळक्या फांद्या हलत होत्या, ते त्याचंच काळीज असं कुणी म्हणालं. अंगातून गरम लाट गेली. "एकच जागा आहे, पण वाईट आहे," डॉक्टर म्हणाले, "फुगा फुगवतोय. छातीत दाटेल, सांगा मला." ते पडद्याकडे बघत होते. सगळेच पडद्याकडे बघत होते. आणि मग तो गुडघा परत आला, गोठ्यातला, छातीवर, सगळ्या भारानिशी. चांगोनं सांगायला तोंड उघडलं तर आवाजच नव्हता. जीभ जड झाली होती. सांगायचं कसं, ते अंगाला ठाऊक होतं. त्याच्या डाव्या हातात जे होतं ते त्यानं सगळ्या पंजानं धरलं आणि आवळलं, हाडं एकमेकांवर चढतील असं.

काजलनं तत्काळ त्याच्या तोंडाकडे बघितलं. एक श्वासही मधे गेला नाही. "सर, बाबांना दुखतंय. लय दुखतंय."

"सोडतोय. सोडला. झालं, झालं बाबा," डॉक्टर म्हणाले, आणि गुडघा हळूहळू उतरला. आणखी एकदा फुगवावं लागलं, बारीक जाळीची नळी बसवावी लागली, पण ते तेवढं जड नव्हतं. काजलनं हात सोडला नाही. चांगो रडत होता. तिला वाटलं दुखण्यानं, तिनं कापसानं डोळे टिपले आणि म्हणाली, "झाला आता, नस मोकळी झाली." त्यानं मान हलवली. त्याला दुखत नव्हतं. या पोरीनं कधी बैल विकला नव्हता, बोटं मोजायला शिकली नव्हती, आणि हात आवळला गेल्याबरोबर तिला कळलं होतं की माणूस बोलावतोय. एवढंच तर होतं त्यात. एवढंच त्या दिवशी होतं. त्याच्या हाताला सगळं कळायचं म्हणून त्याला एवढं साधं कळलं नव्हतं, आणि आता ते कळलं तेव्हा रघू जाऊन तिसरं साल लागलं होतं. रघू भाव करायला आला नव्हता. आजही नाही आणि तेव्हाही नाही. चांगोला त्याची इतकी आठवण आली की ती छातीत नव्यानं मोकळ्या झालेल्या वाटेनं धावत गेली असावी.

दुपारी वॉर्डात तो उशीला टेकून बसला होता. उजव्या मनगटावर पारदर्शक पट्टा होता, त्यात हवा भरलेली, आणि त्याखाली बारीक लाल ठिपका. बस्स, तेवढंच भोक. बोटं सुजून जड झाली होती, टोकांना मुंग्या येत होत्या, आणि ती परत पहिल्यासारखी होतील असं सगळे सांगत होते. त्याला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, आणि याचंच आश्चर्य वाटत होतं. धनेश खाली औषधं आणायला गेला होता. गुणाबाई पलंगाजवळच्या स्टुलावर बसून थर्मासमधला चहा बशीत ओतत होती, तिच्या पद्धतीनं, एक थेंब न सांडता. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते आणि खिडकीची काच हलकेच थरथरत होती. चांगो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. सवय नव्हती, म्हणून जरा चोरून.

"रघूनं पाच नव्हतं दिलं गो," तो म्हणाला.

तिनं वर बघितलं. आणि मग त्यानं सांगितलं. ढवळी जोडी, घार, तीन आणि चार, आणि तो पंजा. आपण कसे आतून हसलो ते. किती वेळ हसत उभे राहिलो ते. आज काजलनं काय केलं तेही सांगितलं. गुणाबाईच्या हातात बशी तशीच राहिली.

"माला ठाव हाय," सगळं झाल्यावर ती म्हणाली.

"तुला कुनी सांगितला?"

"तुमीच. रघूभावजी गेलं तवापासून तुमी झोपंत माजा हात धरताव. सगळा पंजा. बांगडी फुटंल असा आवळताव. पयल्या दिवशी मी भ्यायले, बोलले काय सपान पडला. मंग रोजच. तवा कळला, का रघूभावजींनी जाताना तुमचा हात असाच धरला आसंल, सोडवाया बोलवत."

चांगो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, आपण रात्री शांत झोपतो. तिच्या डाव्या मनगटावर बांगड्यांच्या मधे एक जुना, बुजलेला ओरखडा होता, तो त्यानं आज पहिल्यांदा बघितला.

"मंग तू काय करतस?" त्यानं विचारलं.

"काय करनार?" गुणाबाई म्हणाली आणि बशी त्याच्या डाव्या हातात दिली. "धरून ऱ्हाते. तुमी सोडताव तवर."